मानिसच्या वाटीतले दाणे

रुपाली मेश्रामला कोणी आर्टिस्ट म्हटलं की तिला हसू फुटायचं. आर्टिस्ट म्हणजे खांद्यावर झोळी, बोटांना रंग आणि बोलताना अर्धे मिटलेले डोळे, अशी तिची समजूत. आपण तर सिंगापूरच्या सेंगकांग भागात, दहाव्या मजल्यावर, किचनच्या फरशीवर पेपर अंथरून मसूर निवडत बसतो. फरक एवढाच की बाकीच्या बायका खडे काढून दाणे शिजवतात आणि ही बाई दाणे चिमट्याने उचलून प्लायवूडवर चिकटवते. त्यातून पक्षी उभा राहतो.

आणि काय पक्षी उभा राहायचा म्हणता! तिळाची मान, बाजरीची पाठ, पंखावरच्या काळ्या रेघांना उडीद. जवळून बघावं तर धान्य, चार पावलं मागे सरून बघावं तर आत्ता उडेल. तिचा नवरा प्रफुल्ल चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या कामात दिवसभर स्क्रीनकडे बघून डोळे लाल करून यायचा. तोही बूट काढता काढता थबकायचा आणि म्हणायचा, "रुपा, हा बघतोय गं माझ्याकडे."

नागपूरला असताना जयंतीच्या आदल्या दिवशी अख्ख्या चौकाची रांगोळी तिच्याकडे असायची. लग्न होऊन सिंगापूरला आली आणि हातच बांधल्यासारखे झाले. नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या डिपेंडंट पासवर काम मिळेना, शेजारी कोणाशी काय बोलावं कळेना. पोरगी वल्लरी शाळेत गेली की घर खायला उठायचं. अशाच एका सकाळी कॉरिडॉरच्या कठड्याबाहेर, समोरच्या झाडावर तिला एक हिरवं कबूतर दिसलं. मान गुलाबी, छाती केशरी. नागपूरला उंबरावर हरियल बघितलेली ही बाई. हा तर त्याचाच चुलतभाऊ! परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तशी ती हरखली. त्या दिवसापासून तिला पक्ष्यांचं वेडच लागलं. नदीकाठच्या पार्कातला खंड्या, शिंगचोच्या धनेश, दगडावर ऊन खात पडलेली घोरपडसुद्धा. जे जे इथल्या मातीतलं दिसलं ते ते तिने दाण्यांत उतरवलं.

पण तिचा पहिला पक्षी होता मानिस.

मानिस शेजारच्या रोस्ली अंकलचा. अंकल मलय, निवृत्त बस ड्रायव्हर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पर्थला. मानिस म्हणजे मेरबोक, आपल्या होल्याचा अगदी लहान भाऊ, अंगावर बारीक बारीक पट्टे. इथल्या जुन्या माणसांना त्याच्या आवाजाचं भारी कौतुक. रविवारी सकाळी दोन ब्लॉक पलीकडच्या बर्ड कॉर्नरवर ही मंडळी उंच खांबांवर पिंजरे चढवतात आणि खाली कॉफी पीत, मान तिरकी करून, कोणाचा पक्षी कसा घुमतो ते ऐकत बसतात. मानिस या नावाचा अर्थच गोड. अंकल त्याच्याशी जेवढं बोलायचे तेवढं पर्थच्या मुलाशीही बोलत नसतील.

कॉरिडॉरमध्ये पिंजरा टांगलेला असायचा आणि रुपाली त्याच्यासमोर स्टूल टाकून, कागदावर पेन्सिलीने त्याची मान गिरवत बसायची. अंकल आतून कॉफीचा मग आणून द्यायचे. दोघांचंही इंग्रजी यथातथाच, पण पक्ष्यापुरतं पुरायचं. कुठे पट्टा चुकला तर अंकल पिंजऱ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "याला विचार."

पहिलं चित्र मानिसचंच झालं. राळे, तीळ, बाजरी आणि डोळ्याला मोहरीचा एकच दाणा. रुपालीने ते अंकलना भेट दिलं. त्यांनी ते हॉलमध्ये बायकोच्या फोटोशेजारी लावलं. वर्ष झालं नसेल तोच त्याला किडे लागले. इथली हवा ती अशी दमट, बाजरीचा भुगा होऊन खाली पडायला लागला. अंकल एकदा हसत म्हणाले, "तुझ्या मानिसला टक्कल पडतंय." त्यांनी गंमत केली होती हो. पण रुपालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी मेहनत आणि त्यात पोरकिडे!

त्याच सुमारास कम्युनिटी क्लबमधून निरोप आला. वेसाक डेच्या आठवड्यात हॉलमध्ये लावायला इथल्या पक्ष्यांचं एक मोठं धान्यचित्र करून द्याल का? वेसाक म्हणजे आपली बुद्ध पौर्णिमा. रुपालीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने हरियलच्या चुलतभावाची जोडी करायची ठरवली. अंगाला हिरवे मूग, छातीला मसूर, मानेला लाल तांदूळ, खाली जमिनीवर मानिससारखे दाणे टिपणारे चार मेरबोक. हे चित्र फळीवर नाही, हॉलच्या मधोमध जमिनीवर, रांगोळीसारखं. आठवडाभर राहायचं होतं.

"किडे लागले तर?" तिने व्हिडिओ कॉलवर आईला विचारलं.

"काहून लागतील? बोरिक पावडर लाव ना," आई म्हणाली. "आपण वर्षाच्या तांदळाला लावतो तशी. तिथं हवा ओली आहे म्हणतेस, तर हात सैल सोडून लाव."

बोरिक पावडर! ती तर घरातच होती. दर खेपेला आई बॅगेत पुडा कोंबायचीच. रुपालीने सगळे दाणे परातीत ओतले आणि दोन्ही हातांनी पावडर चोळली. पांढरा लेप बसला तो तिने फडक्याने वरवर पुसला, रंग दिसावेत इतपत. चित्र झालं आणि आठवडाभर एका मुंगीची त्याला तोंड लावायची छाती झाली नाही. लोक भोवती फिरून फोटो काढत होते. शाळेच्या पोरांना घेऊन आलेल्या एका बाईंनी तिला आर्टिस्ट म्हटलं आणि या वेळी रुपाली हसली नाही. बुद्ध पौर्णिमेला सकाळी घरच्या छोट्या मूर्तीपुढे तिघांनी पंचशील म्हटलं. कुठल्याही जिवाची हत्या करणार नाही, हे पहिलंच शील. वल्लरीला त्याचा अर्थ सांगताना रुपालीने हॉलमधल्या त्या चार मेरबोकांचं उदाहरण दिलं होतं. हे तिला पुढे कितीदा आठवणार होतं, कोणाला माहीत होतं!

प्रदर्शन संपलं. आता दाणे?

हॉलचा माणूस मोठी काळी पिशवी घेऊन आला. रुपालीने त्याचा हातच धरला. धान्य कचऱ्यात टाकायचं? तिच्या आजीने लोकांच्या शेतात कापणी झाल्यावर खाली पडलेला सरवा वेचून पोरं जगवली होती. त्या घरात दाणा केरात गेला तर आई आजही जेवायचं ताट बाजूला सारते. शिजवावं म्हटलं, तर जमिनीवर पडलेलं, दहा जणांच्या हाताखालून गेलेलं. पक्ष्यांना टाकावं म्हटलं, तर या देशात रस्त्यावरच्या पक्ष्याला दाणा टाकणं गुन्हा, दंड बसतो. नागपूरला असती तर गच्चीवर उधळून मोकळी झाली असती.

आणि मग तिला सुचलं. किती बरं वाटलं तिला ते सुचल्यावर! पिंजऱ्यातला पक्षी तर आपला घरचा, त्याला कसला कायदा? तिने मूग-मसूर वेगळे केले, राळे, बाजरी, तीळ, बारीक तांदूळ चाळून एका बिस्किटांच्या डब्यात भरले आणि अंकलच्या हातात दिले. "मानिसला. माझ्या चित्रातले."

अंकलनी डबा छातीशी धरला. "वेसाकचे दाणे," ते म्हणाले. "याला आशीर्वाद लागेल."

मानिसने ते आवडीने खाल्ले. अंकल रोज वाटी भरताना रुपालीला हाक मारून दाखवायचे. पुढच्या आठवड्यात मात्र तो पिसं फुलवून एका कोपऱ्यात बसायला लागला. पाणी पीतच राहायचा. घुमणं कमी झालं.

"मम्मी, मानिस सो क्वायट लाह," वल्लरी शाळेतून येताना म्हणाली.

"म्हातारा झालाय बेटा," रुपाली म्हणाली. अंकलनासुद्धा तसंच वाटत होतं. ते आणखी चार दाणे तळहातावर घेऊन पिंजऱ्यात हात घालायचे. "दुसरं काही खात नाही," ते काळजीने सांगायचे, "पण तुझे दाणे माझ्या हातातून अजून घेतो." रुपालीला त्यात धन्यता वाटायची. अहो, धन्यता!

शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात अंकल. त्यांच्या हातात धुतलेल्या रुमालात काहीतरी गुंडाळलेलं, मुठीएवढं. रुपालीला बघितल्या बघितल्या कळलं. 

"दुपारी गेला," अंकल म्हणाले. "वय झालं होतं. मी तुला थँक यू म्हणायला आलो. शेवटपर्यंत तुझेच दाणे खाल्ले त्याने."

रुपाली रडली. वल्लरी रडली. प्रफुल्लने अंकलना आत बसवून चहा दिला, पण त्यांनी घोटभरच घेतला. निघताना म्हणाले, "उद्या कॉर्नरवर जाईन. पिंजरा नसला तरी मित्र आहेत. डबा अजून अर्धा आहे, तो त्यांना वाटून टाकतो. मानिसच्या नावाने."

"हो, वाटा ना," रुपाली म्हणाली. डोळे पुसत म्हणाली.

रविवारी सकाळी तिने नेहमीसारखा भाताला तांदूळ काढला. सेरंगूनच्या भारतीय दुकानातून आणलेली मोठी पिशवी, बोरिक लावून ठेवलेली. पातेल्यात तांदूळ घेतला, नळ सोडला आणि बोटांनी चोळला. पांढरं पाणी आलं. तिने ते ओतलं. दुसरं पाणी, तेही पांढुरकं. लहानपणी पहिल्यांदा भात लावायला बसवलं तेव्हा आईने तिच्या हातावर चापट मारून सांगितलं होतं: अगं, बोरिकचं आहे ते, पोटात गेलं तर जीव जाईल, स्वच्छ धू.

तिचा हात पातेल्यातच राहिला.

नळ वाहत होता. पातेलं भरून तांदूळ सिंकमध्ये वाहायला लागला तरी ती तशीच उभी. धुतले नव्हते. ते दाणे तिने धुतलेच नव्हते. माणूस धुऊन, शिजवून खातो. पाखरू कसलं धुतं? ते तर आहे तसं चोचीत घेतं. बापरे. बापरे, मी काय केलं!  आणि मग तिला डबा आठवला.

"प्रफुल्ल!" ती अशी किंचाळली की तो टॉवेलवरच बाहेर आला.

तिने सांगितलं ते अर्धवट, तोतरं, पण त्याला समजलं. त्याचा चेहराही पांढरा पडला. तो चांगला माणूस आहे, उगाच त्याला नावं ठेवायची नाहीत. पण माणूस घाबरला की आधी घर सांभाळतो. "रुपा, ऐक," तो म्हणाला. "पळ आणि डबा परत घे. पण सांगताना एवढंच सांग की किडे झालेत, खराब झालेत. बोरिकचं नाव काढू नकोस. कोणी कम्प्लेंट केली तर? पीआरचा अर्ज आत्ताच टाकलाय आपण. आणि गेलेला पक्षी काही परत येणार नाहीये."

"येणार नाही," रुपाली म्हणाली. आणि घरातल्या गाऊनवर, ओल्या हातांनी, वल्लरीच्या चपला पायात अडकवून ती पळाली.

अंकलच्या दारापुढचं लोखंडी ग्रिल बंद होतं. लिफ्ट येईना. ती जिन्याने उतरली. वाटेत तिच्या डोक्यात एकच वाक्य घोळत होतं, किडे झालेत, किडे झालेत. खोटंही नव्हतं फारसं. तिच्या पहिल्या चित्राला झालेच होते की!

बर्ड कॉर्नरवर पिंजरे अजून खाली, गवतावर होते. म्हातारे वाकून वाट्या भरत होते. मधोमध रिकाम्या हातांचे अंकल आणि त्यांच्यापुढे तो बिस्किटांचा डबा. ते मित्रांना कौतुकाने सांगत होते, "इंडियन दाणे. बघ, वरून पांढरी पावडर आहे. कॅल्शियम. माझी शेजारीण आर्टिस्ट आहे, तिने दिले."

"देऊ नका!" रुपाली ओरडली. "काढा! वाट्या काढा!"

सगळे वळले. गाऊनमधली, धापा टाकणारी, केस सुटलेली बाई. एका टोपीवाल्या चिनी अंकलनी डब्यात वाकून पाहिलं आणि समजूतदारपणे विचारलं, "का? किडे झालेत?"

म्हणजे नुसती मान हलवायची होती. तोंडातून एक शब्दही काढायचा नव्हता. त्या माणसाने दार उघडून धरलं होतं तिच्यासाठी. रुपालीने रोस्ली अंकलकडे पाहिलं. ते तिला बघून कौतुकाने हसत होते, अजूनही.

"नाही," ती म्हणाली. "विष आहे. किडे लागू नयेत म्हणून मी औषध लावलं होतं. आमच्याकडे लावतात, पण धुऊन खातात. मी धुतलं नाही. तुम्हाला सांगितलं नाही. अंकल, मानिस म्हातारा होऊन गेला नाही. माझ्या दाण्यांनी गेला. मी मारला त्याला."

 एकदम धावपळ उडाली. पिंजऱ्यांची दारं उघडली, वाट्या उपड्या झाल्या, कोणी पाणी बदललं, कोणी पक्षी हातात घेऊन त्याची चोच पुसली. एका पक्ष्याने दोन-चार दाणे टिपले होते, त्याचा मालक मलयमध्ये काहीतरी जोरात बोलत होता, ते तिलाच होतं हे समजायला भाषा लागत नव्हती. तो पक्षी पुढे वाचला, पण त्या वेळी ते कोणाला ठाऊक होतं?

अंकल मात्र बाकावर खाली बसले होते. ते आपल्या उजव्या तळहाताकडे बघत होते. बोटं पसरून, उलटसुलट करून.

"या हाताने," ते म्हणाले. "खात नव्हता म्हणून या हाताने भरवले. आजारी होता, तर जास्त भरवले."

रुपालीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आपण फक्त डबा दिला होता. भरवायला आपण या माणसाचा हात वापरला, हे तिला आत्ता कळलं. ती त्यांच्या पायाशी बसली, सॉरी म्हणाली, पुन्हा म्हणाली. अंकल उठले आणि तिच्याकडे न बघता निघून गेले.

मागे उरला तो डबा. रुपालीने गवतावर सांडलेला दाणा न दाणा वेचला, आजीने सरवा वेचला असेल तसा, आणि डब्यासकट सगळा नेऊन कचऱ्याच्या पेटीत टाकला. जन्मात पहिल्यांदा तिने धान्य केरात टाकलं.

कम्प्लेंट झाली नाही. प्रफुल्ल रोज मेल उघडताना घाबरायचा, पण काही आलं नाही. "तू बरोबर केलंस," असं तो एकदा जेवताना मान खाली घालून म्हणाला. रुपालीने मात्र चिमटा, गोंद, फळ्या सगळं उचलून माळ्यावर टाकलं. क्लबने पुन्हा विचारलं, तिने नाही कळवलं. सकाळी कॉरिडॉरमध्ये तो आवाज नव्हता. रिकामा पिंजरा तसाच टांगलेला होता आणि शेजारचं दार आतून बंद असायचं. वल्लरीसुद्धा तिथून जाताना पाय न वाजवता जायची. रुपालीला झोपेत अंकलचा तो तळहात दिसायचा, पावडरने पांढरा झालेला. पहिलं शील म्हणायची वेळ आली की तिची जीभ अडखळायची.

जुलैच्या एका दुपारी बेल वाजली. तिने दार उघडलं. ग्रिलपलीकडे रोस्ली अंकल उभे होते. वाळले होते. त्यांनी दोन्ही हातांनी, अंगापासून लांब धरून, एक फळी आणली होती. मानिसचं चित्र. तिचं पहिलं.

ते आत आले नाहीत. चित्र तिच्यासमोर धरून त्यांनी विचारलं, "हे पण विष आहे का?"

तिला आधी प्रश्नच समजला नाही. मग समजला. इतके दिवस हा माणूस घरात एकटा, बायकोच्या फोटोशेजारी टांगलेल्या त्या चित्राखाली बसून हेच विचारत होता तर!

"नाही," ती कशीबशी म्हणाली. "नाही अंकल. हे आधीचं आहे. याला काही लावलेलं नाही."

अंकल हलले नाहीत. का विश्वास ठेवावा त्यांनी? रुपालीने घाईने ग्रिल उघडलं, फळी हातात घेतली आणि उजेडाकडे फिरवली. मानिसच्या पाठीला भोकं पडली होती, अर्धी बाजरी पोकळ झाली होती. तिने नखाने हळूच टोकरलं. भुगा सांडला आणि मानेजवळच्या एका दाण्यातून एक तपकिरी किडा बाहेर आला. तो तुरुतुरु चालत पंखावर गेला, थांबला, आणि दुसऱ्या दाण्यात तोंड घालून खायला लागला.

"बघा," ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "जिवंत आहे. खातोय."

अंकल वाकले. चष्मा वर सारून ते त्या किड्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी चित्र परत मागितलं. या वेळी त्यांनी ते छातीशी धरलं, तो डबा धरला होता तसंच.

"खाऊ दे त्याला," ते म्हणाले, आणि आपल्या दारात जाऊन त्यांनी ते रिकाम्या पिंजऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगलं.